स्वस्त क्लिकपासून फायद्याच्या ईमेल यादीपर्यंत : गच्चीवरील बागेच्या छोट्या व्यवसायासाठी

गच्चीवरील बागेसाठी बियाणे, गांडूळखत, कुंड्या आणि निंबोळी तेल विकणारा छोटा व्यावसायिक ऑनलाइन जाहिरातीवर पैसे घालायला बसतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘क्लिक कितीला पडतो’ हाच असतो. प्रश्न चुकीचा नाही, अपुरा मात्र आहे. क्लिक दोन अगदी वेगळ्या कारणांनी स्वस्त होतो. एखादा विषय इतका बारीक असतो की त्यावरच्या जाहिरातीच्या लिलावात बोली लावण्यात मोठ्या कंपन्यांना रस नसतो, म्हणून तिथला क्लिक स्वस्त असतो; आणि एखाद्या ठिकाणी जाहिरातीकडे कोणी पाहतच नाही, खेळता खेळता बोट चुकून पडते, म्हणून तिथलाही क्लिक स्वस्त असतो. पहिल्या स्वस्ताईतून गिऱ्हाइकांच्या ईमेल पत्त्यांची यादी उभी राहते, दुसरीतून नुसते आकडे जमतात. छोट्या विक्रेत्याचे बहुतेक पैसे हा फरक न ओळखल्याने बुडतात, असे माझे स्पष्ट मत आहे आणि पुढील सर्व सूचना त्या फरकाभोवतीच आहेत.

आपल्याकडचे गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर असते, मग ईमेलची यादी कशाला, हा आक्षेप रास्त आहे. ऑर्डरचे बोलणे, पत्ता, तक्रार यांसाठी व्हॉट्सॲपच सोयीचे आहे. परंतु शेकडो लोकांना विक्रीचा संदेश पाठवायचा तर व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक व्यवस्थेत दर संदेशामागे पैसे मोजावे लागतात, आणि साध्या ॲपमधून तसे संदेश सुटले व चार जणांनी तक्रार केली की क्रमांकच बंद होण्याची वेळ येते. समाजमाध्यमांवरचे अनुयायी तर त्या माध्यमाच्या हवाली असतात. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या अनेकांनी कष्टाने जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. ईमेल पत्त्यांची यादी एका सेवेतून उतरवून दुसरीकडे नेता येते. शिवाय बागेचा सल्ला जरा लांबीचा असतो आणि तो चार महिन्यांनी पुन्हा शोधावा लागतो. त्यासाठी ईमेल सोयीचा पडतो.

बारीक प्रश्न शोधणे

‘बियाणे ऑनलाइन खरेदी’ यासारख्या शब्दांवर मोठे विक्रेते आधीच बसलेले असतात आणि तिथे बोली लावणे म्हणजे त्यांच्या खिशाशी स्पर्धा करणे होय. आपण जिथे जायचे ती जागा प्रश्नांची आहे. जास्वंदाच्या कळ्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात, कढीपत्ता दोन वर्षे झाली तरी वीतभरच राहतो, कुंडीतल्या मोगऱ्याला पाने येतात पण कळी येत नाही, गच्चीवर माती नेली तर स्लॅब गळेल का अशी सोसायटीत कुरबुर होते. हे प्रश्न विचारणारा माणूस आज काही विकत घ्यायला निघालेला नसतो, म्हणूनच त्याच्यासाठी बोली लावणारे थोडे असतात. पण त्याच्याकडे कुंडी आहे, झाड आहे आणि त्या झाडाची काळजी आहे.

हे प्रश्न शोधायला महागडे साधन लागत नाही. दुकानात येणाऱ्या फोनची वही, व्हॉट्सॲपवर आलेले पानांचे फोटो, रोपवाटिकेतल्या माळ्याला लोक काय विचारतात ते, आणि गूगलच्या चौकटीत पहिले दोन शब्द टाकल्यावर खाली येणाऱ्या सूचना, एवढ्यातून तीस-चाळीस प्रश्न सहज हाती लागतात. ते लोकांच्याच शब्दांत लिहून घ्यावेत. जास्वंदावरच्या त्या पांढऱ्या किडीला कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत ‘पिठ्या ढेकूण’ म्हणतात, पण फ्लॅटमध्ये राहणारी गृहिणी ‘जास्वंदावर पांढरी बुरशी’ असे शोधते, कारण तिला ती बुरशीच वाटते. आपण ‘पिठ्या ढेकूण’ या शब्दावर जाहिरात लावून बसलो तर विद्यार्थी आणि शेतकरी येतील. गच्चीवाले गिऱ्हाईक शेजारून निघून जाईल.

प्रत्येक प्रश्नाला आणखी एक चाचणी लावावी, ती म्हणजे त्याच्या उत्तरात आपण विकतो ती वस्तू सहजपणे येते का आणि ती पुन्हा पुन्हा लागते का. पिठ्या ढेकणांच्या उत्तरात निंबोळी तेल येते, फवारणीची बाटली येते, मुंग्यांचा बंदोबस्त येतो (मुंग्या या किडीचे रक्षण करतात आणि तिला झाडभर पसरवतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते), आणि तेल संपले की पुन्हा घ्यावे लागते. स्लॅब गळण्याच्या प्रश्नावर गर्दी जमेल, पण तिला वॉटरप्रूफिंगवाला हवा आहे. तो आपला व्यवसाय नसेल तर त्या गर्दीचा उपयोग नाही.

शोधजाहिरातीची मांडणी

पहिल्या प्रयोगासाठी मी गूगलच्या शोधजाहिरातीच, म्हणजे शोधाच्या निकालांबरोबर दिसणाऱ्या जाहिरातीच, निवडीन, कारण तिथे माणूस स्वतःचा प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहून येतो. एका प्रश्नाला एक जाहिरातगट (शोधशब्द आणि त्यांवरच्या जाहिराती यांचा संच) आणि एक पान, एवढीच रचना ठेवावी. शब्दांची जुळणी सैल न ठेवता नेमकी किंवा वाक्यांशाची ठेवावी, म्हणजे आपण दिलेल्या शब्दांच्या जवळच्या शोधांवरच जाहिरात दिसते. मोहीम उघडताना गूगल आपणहून काही खुणा करून ठेवतो, त्यांपैकी शोधभागीदार संकेतस्थळे (गूगलचा शोध वापरणारी इतर ठिकाणे) आणि डिस्प्ले जाळे (इतर संकेतस्थळांवर व ॲपमध्ये जाहिराती दाखवणारे) या दोन्ही खुणा काढून टाकाव्यात, नाहीतर शोधासाठी ठेवलेला पैसा नकळत दुसरीकडे झिरपतो. ठिकाणाच्या निवडीतही ‘या भागात राहणारे किंवा या भागात रस असलेले’ असा व्यापक पर्याय आधीच निवडलेला असतो. कुरिअरने माल पाठवणाऱ्याने ‘या भागात असलेले’ हाच पर्याय घ्यावा.

मराठीतल्या शोधांना एक खास अडचण आहे. ‘गुलाब माहिती मराठी’ किंवा ‘माझी बाग’ असे शोधणाऱ्यांत गच्चीवाल्यांपेक्षा शाळकरी मुले आणि त्यांचे हवालदिल पालक कितीतरी अधिक असतात, कारण उद्या निबंध द्यायचा असतो. म्हणून नको असलेल्या शब्दांची यादी पहिल्याच दिवशी भरावी: निबंध, कविता, स्टेटस, अर्थ, चित्र, अनुदान, योजना, भरती. पहिले दोन आठवडे रोज आणि नंतर दर आठवड्याला प्रत्यक्ष शोधलेल्या शब्दांचा अहवाल उघडून ही यादी वाढवत न्यावी. या एका कामाने जितका खर्च वाचतो तितका दुसऱ्या कशाने क्वचितच वाचत असेल. त्याबरोबरच, अनेक मराठी माणसे मोबाइलवर मराठी शब्द रोमन लिपीत टंकतात हे लक्षात घेऊन त्या रूपांचाही समावेश करावा. मात्र जाहिरात आणि पान देवनागरीतच असू द्यावे.

इतर वाटा

यूट्यूबवर ‘बागकामात रस असलेले’ असा ढोबळ गट निवडण्याऐवजी विशिष्ट वाहिन्या आणि विशिष्ट व्हिडिओ नेमून जाहिरात लावता येते. मराठीतल्या कुंडीबागेच्या व्हिडिओपुढे दाखवलेली पंधरा सेकंदांची साधी, घरच्या गच्चीवर टिपलेली जाहिरात पुष्कळदा चांगली चालते. फेसबुक व इन्स्टाग्रामवरच्या झटपट अर्जात नाव-पत्ता आपोआप भरलेला येतो आणि त्यामुळे प्रतिसाद भरपूर दिसतो, पण त्यातला ईमेल पत्ता कित्येकदा दहा वर्षांपूर्वी खाते उघडताना दिलेला, आज कोणी न उघडणारा असतो. मला स्वतःला सुरुवातीच्या काळात अशा नोंदी पाहून हर्ष झाला होता आणि पहिले पत्र गेल्यावर तो ओसरला. तिथली जाहिरात वापरायची असेल तर माणसाला आपल्या पानावर आणून पत्ता हाताने भरायला लावणे बरे.

डिस्प्ले जाहिराती आणि मोबाइल ॲपमधल्या पट्ट्यांपासून सुरुवातीला लांबच राहावे, कारण वर सांगितलेली दुसरी, फसवी स्वस्ताई तिथेच नांदते.

सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत दर्जेदार स्वस्त वाट ऑनलाइन नाहीच. गावातल्या दोन-तीन रोपवाटिकांशी बोलून त्यांच्या पिशव्यांवर किंवा कुंड्यांवर क्यूआर कोडची छोटी चिठ्ठी लावावी आणि तिच्यावर ‘हे जास्वंद घरी नेल्यावर पहिल्या महिन्यात काय करावे’ एवढेच लिहावे. रोप विकत घेतलेला माणूस तो कोड उघडतो, तेव्हा त्याची आवड सिद्ध करण्याची गरज उरत नाही. पुण्यात जानेवारीच्या अखेरीस एम्प्रेस गार्डनमध्ये आणि मुंबईत राणीच्या बागेत भरणारी पुष्पप्रदर्शने हीदेखील अशीच जागा आहे. आयोजकांची परवानगी घेऊन किंवा एखाद्या स्टॉलवाल्याशी ठरवून ठेवलेले पत्रक छपाईच्या खर्चात शेकडो बागवेड्यांपर्यंत पोहोचते. प्रत्येक रोपवाटिकेला आणि प्रदर्शनाला वेगळा कोड द्यावा, म्हणजे कोणती वाट फळली ते नंतर कळते.

काही वाटा मात्र साफ नाकाराव्यात. तयार पत्त्यांची यादी विकणारे पुष्कळ आहेत; तिच्यातल्या एकानेही आपल्याला बोलावलेले नसते आणि अवांछित पत्रे पाठवणाऱ्यांना पकडण्यासाठी मुद्दाम पेरून ठेवलेले पत्तेही तिच्यात असू शकतात. एकदा त्यांवर पत्र गेले की आपल्या डोमेनचे (ईमेल पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाचे) नाव खराब होते आणि खऱ्या गिऱ्हाइकाला पाठवलेले पत्रही स्पॅममध्ये जाऊन पडते. (न मागता घाऊक विक्रीचे पत्र पाठवण्याची पहिली नोंद ३ मे १९७८ची आहे, एका संगणक कंपनीच्या विक्री प्रतिनिधीने अर्पानेट या इंटरनेटपूर्व जाळ्यावरच्या सुमारे ४०० पत्त्यांवर ते पाठवले होते आणि तेव्हाही लोक चिडलेच होते.) दुसऱ्याच्या यादीवर पैसे देऊन आपले पत्र पाठवून घेण्याचा ‘सोलो ॲड’ हा प्रकार इंग्रजीत बराच चालतो, पण ती यादी बहुधा ‘घरबसल्या पैसे कमवा’ वाचणाऱ्यांची असते, बागेच्या गिऱ्हाइकासाठी ती निरुपयोगी. क्लिकची देवाणघेवाण करणाऱ्या संकेतस्थळांबद्दल तर लिहायलाच नको.

पान आणि अर्ज

जाहिरातीतून आलेल्या माणसाला मुख्य संकेतस्थळावर सोडू नये. त्याने जो प्रश्न विचारला त्याच प्रश्नाचे एक पान असावे आणि त्या पानावर एकच काम असावे. वरच्या ओळीत प्रश्न, त्याखाली त्या किडीचा स्वतः काढलेला स्पष्ट फोटो, मग चार-पाच वाक्यांत खरेखुरे उपयोगी उत्तर: पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पुंजके पाडा, फार किडलेली टोके छाटा, एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारा. उत्तर अर्धवट लपवून ‘पुढचे वाचण्यासाठी ईमेल द्या’ असे अडवणारे पान लोकांना चिडवते. अडवण्यापेक्षा पुढचे पाऊल देऊ करावे, उदाहरणार्थ २१ दिवसांचे फवारणीचे वेळापत्रक, ज्यात कोणत्या दिवशी काय करायचे ते लिहिलेले असेल आणि जे छापून फ्रिजवर लावता येईल. अशी दोन पानांची उपयोगी वस्तू साठ पानांच्या पुस्तिकेपेक्षा चांगली ठरते, कारण ती वापरली जाते आणि वापरताना तेल लागते.

अर्जात ईमेल आणि पहिले नाव, एवढेच विचारावे. एक तांत्रिक बारकावा मराठी पानांसाठी फार मोलाचा आहे: ईमेलची चौकट ‘ईमेल’ याच प्रकाराची ठेवली तर मोबाइलवर योग्य कळफलक उघडतो, साधी मजकुराची चौकट ठेवली तर देवनागरी कळफलकच समोर राहतो आणि वाचक वैतागून निघून जातो. पत्ता टंकताना होणाऱ्या चुका, विशेषतः जीमेलच्या स्पेलिंगमधल्या, ताबडतोब दाखवून देणारी तपासणी जोडावी.

नोंदणी दुहेरी संमतीची ठेवावी, म्हणजे अर्ज भरल्यावर एक पुष्टीचा ईमेल जातो आणि त्यातला दुवा दाबल्यावरच पत्ता यादीत येतो. यामुळे आकडा घटतो आणि अनेक सल्लागार त्याला विरोध करतात. परंतु कबूल केलेले वेळापत्रक त्या दुव्यामागेच ठेवले तर खरा वाचक तो दुवा दाबतोच. गळतात ते चुकीचे पत्ते, यंत्रांनी भरलेले अर्ज आणि ज्यांना मुळात काही नको होते ती माणसे. बागेसारख्या संथ विषयात ही गळती होऊ द्यावी, हे मी आग्रहाने सांगेन.

संमतीचा पुरावा म्हणून नोंदणीची तारीख, वेळ, कोणत्या पानावरून झाली आणि तिथे कोणते वाक्य लिहिले होते, हे जपून ठेवावे. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळी, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी लागते, ती देण्याइतकीच मागे घेणेही सोपे असावे लागते, आणि संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे अर्थातच मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संमतीविषयीची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तेव्हा आधीच खूण केलेली चौकट, किंवा ‘वेळापत्रक पाठवा’ या बटणामागे दडवलेली जाहिरातींची परवानगी, या सवयी आत्ताच सोडाव्यात. ‘वेळापत्रकाबरोबरच महिन्यातून दोनदा बागेचा सल्ला आणि आमच्या मालाची माहिती येईल’ असे साधे वाक्य बटणाच्या वर लिहिले की पुरते.

मराठी पानावर न्यू जर्सीहून किंवा लंडनहूनही लोक येतात, विशेषतः लेख समाजमाध्यमांवर फिरू लागल्यावर. त्यांचे स्वागत असावे, पण बियाणे परदेशी पाठवायला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्रासारख्या अटी असतात, म्हणून त्यांना विक्रीची पत्रे न पाठवता वेगळ्या गटात ठेवावे. अमेरिकेच्या २००३च्या कॅन-स्पॅम कायद्याप्रमाणे विक्रीच्या पत्रात व्यवसायाचा टपालपत्ता द्यावा लागतो आणि नाव काढण्याची विनंती कामकाजाच्या दहा दिवसांत पुरी करावी लागते. युरोपात २५ मे २०१८पासून लागू असलेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा याहून कडक आहे. पत्राच्या तळाशी पत्ता आणि नाव काढण्याचा दुवा सर्वांसाठीच ठेवला की हा गुंता बराच सुटतो.

पत्र पोहोचले पाहिजे

घाऊक पत्रे फुकटच्या जीमेल पत्त्यावरून पाठवू नयेत. स्वतःचे डोमेन घ्यावे आणि ईमेल सेवेच्या सूचनांप्रमाणे त्यावर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी करून घ्याव्यात; पत्र खरोखर आपल्याच डोमेनवरून आले आहे हे त्यांवरून ईमेल सेवांना पडताळता येते. हे काम साधारण तासाभराचे आहे आणि जमत नसेल तर डोमेन विकणाऱ्याच्या मदतकक्षाकडून करून घेता येते. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहू यांनी हे नियम कडक केले. जीमेल खात्यांवर दिवसाला ५,०००हून अधिक पत्रे पाठवणाऱ्याला या तिन्ही नोंदी आणि एका दाबात नाव काढण्याची सोय सक्तीची आहे, आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली, शक्यतो ०.१ टक्क्याच्या आत ठेवावे लागते. आपली पत्रे दिवसाला तीनशेच असली तरी याच मापाने चालावे. ०.१ टक्का म्हणजे हजारात एक. तीनशे पत्रांवर एक तक्रार आली तरी आपण मर्यादेच्या बाहेर गेलेलो असतो.

देवनागरीमुळे आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जीमेल साधारण १०२ किलोबाइटपेक्षा मोठे पत्र मधेच कापतो आणि उरलेला भाग पाहण्यासाठी वेगळा दुवा दाखवतो. युनिकोडच्या (सर्व लिपींसाठीच्या संगणकीय अक्षरसंकेताच्या) प्रचलित साठवणीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते, इंग्रजीचे एक. त्यामुळे सजावटीच्या तयार साच्यात भरलेले लांब मराठी पत्र लवकर कापले जाते आणि नेमका तळाचा, नाव काढण्याचा दुवाच दिसेनासा होतो. वैतागलेला वाचक मग ‘स्पॅम’ दाबतो. साधा साचा आणि सातशे-आठशे शब्दांची मर्यादा हा यावरचा उपाय आहे. दुसरी गोष्ट म्हणजे छपाईच्या दुकानात जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये तयार करून घेतलेला मजकूर ईमेलमध्ये चिकटवला की त्याची अगम्य चिन्हे होतात. त्यावर उपाय म्हणून काही जण सगळे पत्रच चित्र करून पाठवतात, ते तर अजिबात करू नये.

पहिली पत्रे आणि वर्षाचा क्रम

पुष्टी होताच वेळापत्रक गेले पाहिजे. तिसऱ्या दिवशी दुसरे पत्र जावे आणि त्यात एकच प्रश्न असावा: बाग गच्चीवर आहे, बाल्कनीत की खिडकीच्या जाळीत, आणि ऊन किती तास येते? उत्तर थेट पत्राला द्यायला सांगावे. आलेल्या उत्तरांमुळे ईमेल सेवांच्या नजरेत आपली पत वाढते, पण त्याहून मोठा लाभ असा की दोन तास उन्हाच्या बाल्कनीवाल्याला आपण टोमॅटोचे बियाणे विकण्याची चूक करत नाही. सातव्या दिवशी मुंग्यांविषयी लिहावे आणि बाराव्या दिवशी, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या फवारणीच्या सुमारास, तेल आणि फवारणीच्या बाटलीचा संच देऊ करावा. विक्री त्या वेळेला लाचारीची वाटत नाही, कारण वस्तू आधीच कामात आहे.

पुढचा क्रम हंगाम ठरवतो आणि इथे बागेच्या विषयासारखा सोपा विषय नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात, मोसमी पाऊस कोकणात शिरण्याआधी, कुंड्यांचा निचरा आणि वेलभाज्यांचे बियाणे. श्रावणात बुरशी आणि गोगलगाई. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर गुलाबाची छाटणी आणि खत. नोव्हेंबरात मेथी, पालक, कोथिंबीर. फेब्रुवारीनंतर आच्छादन आणि हिरवी जाळी. महिन्यातून दोन पत्रांपैकी एकात निव्वळ सल्ला आणि दुसऱ्यात सल्ल्यासह माल, एवढे प्रमाण पुरेसे आहे. दिवाळीच्या आठवड्यात गप्प बसावे; त्या दिवसांत सगळ्या मोठ्या दुकानांची पत्रे येऊन आदळत असतात.

हिशेब

आता ज्यासाठी हा सारा खटाटोप, त्या नफ्याकडे येऊ. खालील आकडे मी हिशेबाची रीत दाखवण्यासाठी गृहीत धरले आहेत. प्रत्येकाने त्या जागी स्वतःचे आकडे घालावेत.

समजा, शोधजाहिरातीचा क्लिक ४ रुपयांना पडला आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागून ४ रुपये ७२ पैसे झाले. (जीएसटी नोंदणी असेल आणि इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत असेल तर हा कर हिशेबातून वगळावा.) १०० क्लिकचे ४७२ रुपये झाले, त्यांपैकी २५ जणांनी अर्ज भरला आणि १७ जणांनी पुष्टी केली, तर एक पक्का सदस्य साधारण २८ रुपयांना पडला. दुसरीकडे, एखाद्या गेम ॲपमधला क्लिक करासह ७१ पैशांना पडला, १०० क्लिकचे ७१ रुपये झाले, सहा जणांनी अर्ज भरला आणि एकानेच पुष्टी केली, तर तोच सदस्य ७१ रुपयांना पडला. क्लिक सहापटीहून अधिक स्वस्त, सदस्य मात्र अडीचपट महाग. वहीत क्लिकच्या दराचा स्तंभ ठेवूच नये, पक्क्या सदस्याच्या दराचा ठेवावा, म्हणजे मोह होत नाही.

आता २८ रुपये दराने १०० सदस्यांचे सुमारे २,८०० रुपये झाले. पहिल्या महिन्यात त्यांपैकी चार जणांनी संच घेतला आणि माल, पॅकिंग, कुरिअर व पेमेंटचे शुल्क वजा जाता प्रत्येकी ११० रुपये उरले, तर हाती ४४० आले. इथे बहुतेक जण घाबरून मोहीम बंद करतात. पण वर्षभरात चार हंगामी पत्रांवर प्रत्येकी पाच जणांनी खरेदी केली आणि दर ऑर्डरमागे १६० रुपये सुटले, तर आणखी ३,२०० येतात, एकूण ३,६४०. खर्च जाऊन ८४० उरतात आणि त्यांतूनही ईमेल सेवेचे भाडे जाते. म्हणजे या गृहीतकांत पहिले वर्ष जेमतेम फायद्याचे आहे, आणि दुसऱ्या वर्षी त्याच सदस्यांवर जाहिरातीचा खर्च नसल्याने खरा नफा सुरू होतो. हे आधी ठाऊक असेल तर किती रक्कम किती महिने अडकवायची ते ठरवता येते. ज्याला तीन महिन्यांत पैसे परत हवे आहेत, त्याने रोपवाटिकेच्या चिठ्ठ्यांवरच भर द्यावा.

परतावा लवकर यावा म्हणून अर्ज भरल्यानंतरच्या आभाराच्या पानावर एक छोटी वस्तू ठेवता येते. वरच्या उदाहरणात १०० सदस्य मिळवताना सुमारे १४७ जण अर्ज भरतात. त्यांपैकी सहा जणांनी तिथेच छोटी बाटली घेतली आणि दरेकी ६० रुपये सुटले, तर ३६० रुपये लगेच परत येतात आणि सदस्य २८ऐवजी २४ रुपयांच्या आसपास पडतो. त्या पानावर ‘पुष्टीचा ईमेल उघडा’ ही सूचना मात्र वर आणि मोठी असावी, वस्तू खाली.

प्रयोगांचे निकाल वाचताना घाई करू नये. एका पानावर १०० पैकी ३० जणांनी आणि दुसऱ्यावर १०० पैकी २५ जणांनी अर्ज भरला, तर हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. पाच-सातशे क्लिक होईपर्यंत वाट पाहावी किंवा इतका मोठा बदल करावा की फरक डोळ्यांत भरेल. तसेच किती जणांनी पत्र उघडले या आकड्यावर भिस्त ठेवू नये. सप्टेंबर २०२१पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये, वाचकाने पत्र उघडले नसले तरी ते उघडल्याची नोंद होऊ शकते. क्लिक, उत्तर आणि ऑर्डर हीच मोजण्याजोगी मापे आहेत.

यादीची छाटणी

दर सहा महिन्यांनी, ज्यांनी या काळात एकही दुवा दाबला नाही, उत्तर दिले नाही की खरेदी केली नाही, अशांना ‘बाग अजून आहे ना?’ अशा अर्थाचे एक पत्र पाठवावे आणि दोन आठवड्यांत हालचाल न दिसल्यास त्यांचे नाव काढावे. मन राजी होत नाही, पण बहुतेक सेवा सदस्यसंख्येवर पैसे घेतात आणि निद्रिस्त पत्ते जागत्या पत्त्यांची पत्रेही अडवतात. परत आलेली पत्रे आणि तक्रार केलेले पत्ते तर लगेच काढावेत.

बारीक विषयाला तळही लवकर लागतो. जास्वंदाच्या प्रश्नावर महिन्याला जितके लोक शोधतात, त्याहून अधिक माणसे खर्च दुप्पट केल्याने मिळत नाहीत. गूगल तेव्हा जुळणी सैल करण्याचा सल्ला देऊ लागतो आणि तो मानला की निबंधवाली मुले परत येतात. पक्क्या सदस्याचा दर सलग तीन आठवडे चढत राहिला तर त्या प्रश्नाचा खर्च जिथल्या तिथे रोखावा, पान आणि पत्रमालिका आहे तशी चालू ठेवावी, आणि वहीतला पुढचा प्रश्न, समजा कढीपत्त्याचा, घेऊन नवे पान, नवा फोटो आणि नवे वेळापत्रक तयार करायला बसावे.